युरो कप आणि बाथरूमच्या टाइल्स

युरोपियन फुटबॉल स्पर्धा परवा, शुक्रवारी 14 जून 2024 ला, म्युनिकमध्ये जर्मनी विरुद्ध स्कॉटलंड या सामन्याने सुरू होणार, असं वर्तमानपत्रं सांगतात. वर्तमानपत्रांचा आमच्या गल्लीशी संबंध नसावा. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या या गल्लीत ती मे महिन्याच्या अखेरीसच सुरू झाली, आणि आजवर तिच्यात जे काही लागलंय, खुपलंय ते सगळं मलाच.

मी कोणत्याच बाजूचा नाही, हे आधी नमूद करतो. जर्मनीतली दहा शहरं, 24 संघ, 51 सामने, आणि यात माझा देश नाही. भूगोलाने आडकाठी केली नसती तरी नसता. फिफाच्या क्रमवारीत आपण शंभराच्या बाहेर आहोत आणि तिथे आपल्याला कोणी त्रास देत नाही. म्हणून मी तटस्थ. तटस्थ माणसाला लढाईत कोणी मारत नाही, असं शाळेत शिकलो होतो. त्याच्या खिडकीला दोर मात्र बांधतात, हे पुस्तकात नव्हतं.

दोराचं असं झालं. समोरच्या रांगेतल्या घरांपासून आमच्या रांगेपर्यंत नारिंगी पताकांच्या माळा लावायच्या, असं गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं. हा ग्रुप मूळचा चोर आणि हरवलेली मांजरं यांच्यासाठी काढलेला. दोन्हींचं प्रमाण आमच्याकडे कमी असल्यामुळे एरवी तो शांत असतो. मे महिन्यात कोणीतरी विचारलं, 'यंदा पताकांचं काय?' आणि तेव्हापासून माझा फोन रात्रभर उशाशी उजेड पाडतो. आमचं घर रांगेत बरोबर मधोमध. वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर एक गंजका लोखंडी आकडा आहे. तो कशासाठी, हे घर घेताना कोणी सांगितलं नव्हतं. आता कळलं की 1988 पासून तो याच कामासाठी आहे. घराच्या कागदपत्रांत तसा उल्लेख नाही. मी पाहिलं.

माळ लागल्यापासून ती खिडकी उघडत नाही. ती बाथरूमची खिडकी आहे. बाथरूमचा विषय पुढे येणार आहे, तेव्हा एवढं लक्षात असू द्यावं.

वर्गणी घरटी दहा युरो. पावती नाही. हिशोब विचारल्यावर ग्रुपवर एक हसरा चेहरा आला. सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझ्यामागे पताका फडफडत होत्या. 'यंदा गणपती लवकर आले का रे तुमच्याकडे?' तिने विचारलं. फुटबॉल आहे म्हटल्यावर तिचा पुढचा प्रश्न, 'वर्गणी किती काढली?' परदेशातल्या माझ्या परिस्थितीचं इतकं अचूक आकलन दुसऱ्या कोणालाही झालेलं नाही.

या रंगाचंही एक आहे. देशाचा झेंडा लाल-पांढरा-निळा. त्यात नारिंगी कुठेही नाही. नारिंगी राजघराण्याची, ऑरेंज-नासाव या घराण्याची. आता हे ऑरेंज म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं एक गाव. ते सोळाव्या शतकात विल्यम नावाच्या एका मुलाला वारशात मिळालं, आणि तो जन्मला जर्मनीत. थोडक्यात, जर्मनीत जन्मलेल्या माणसाला फ्रान्समध्ये मिळालेल्या गावाचा रंग अंगभर चढवून हे लोक जर्मनीला आणि फ्रान्सला हरवायला निघालेत. फ्रान्स तर यंदा त्यांच्याच गटात आहे. मी हे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं. तेव्हापासून माझ्या टेबलावर कोणी बसत नाही.

सुपरमार्केटात केक नारिंगी, क्रीम नारिंगी, भांडी घासायचा स्पंज नारिंगी. टॉमपूस नावाची एक चांगली गुलाबी मिठाई असते. तिलासुद्धा रंग फासलाय. तो खरं तर 27 एप्रिलला, राजाच्या वाढदिवसाला फासतात. यंदा पुसायचं राहून गेलं असावं. मोटारींच्या बाजूच्या आरशांना नारिंगी टोपडी घातलीत. गेल्या शनिवारी इथल्या मराठी मंडळींनी शिवराज्याभिषेकाला 350 वर्षं झाल्याचा कार्यक्रम ठेवला होता. भगवा फेटा बांधून मी बसमध्ये चढलो आणि सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने अंगठा दाखवला. एका बाईंनी फेटा कुठे मिळतो, कितीला मिळतो आणि धुतल्यावर रंग जातो का, हे विचारलं. महाराजांचा विषय काढायला संधीच मिळाली नाही, कारण तोवर मागच्या सीटवरच्या पोरांनी 'लिंक्स, रेख्त्स' सुरू केलं होतं. हे कार्निव्हलचं गाणं आहे. त्यात सगळ्यांनी मिळून आधी डावीकडे आणि मग उजवीकडे जायचं असतं. चालत्या बसमध्ये फेटा सांभाळून ते कसं करायचं याचं मार्गदर्शन उपलब्ध नाही.

आता शेजारचे काका. इथे सत्तरीच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते येत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणतो. काका भले आहेत. आम्ही नसताना आमच्या कुंड्यांना पाणी घालतात. पण त्यांना 1974 आहे. काही लोकांना दमा असतो, तसं त्यांना 1974 आहे आणि दर दोन वर्षांनी जूनमध्ये ते उसळतं.

7 जुलै 1974, म्युनिक, वर्ल्ड कपचा अंतिम सामना. डचांनी खेळ सुरू केला, चेंडू आपसात फिरवत क्रायफ थेट जर्मनांच्या पेनल्टी क्षेत्रात घुसला, त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली, नीस्केन्सने गोल मारला. जर्मनांपैकी एकाचाही पाय तोवर चेंडूला लागला नव्हता. पुढे होल्झेनबाइन पडला आणि जर्मनीलाही पेनल्टी मिळाली. ब्राइटनरने ती मारली, मध्यंतराच्या जरा आधी गेर्ड म्युलरने दुसरा गोल केला, आणि 2-1. संपलं. इतिहासासाठी संपलं, काकांसाठी होल्झेनबाइन अजून पडतोच आहे. तो पाडला गेला की स्वतः पडला, हा मुद्दा. काकांच्या मते तो स्वतः पडला. दर गुरुवारी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना आमची गाठ पडते तेव्हा काका हे मला प्रात्यक्षिकासह दाखवतात. डबा डच बचावपटू होतो, मी इंग्लंडचा पंच टेलर होतो, आणि काका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असूनही फुटपाथवर पडण्याच्या बेतापर्यंत जातात. काकू दारातून ओरडतात. पंच म्हणून मला दर वेळी निर्णय द्यावा लागतो. मी पेनल्टी नाकारतो. गेले कित्येक आठवडे नाकारतोय, तरी निकाल बदलत नाही.

गंमत अशी की हे लोक 1988 साली जिंकले आहेत. तेही जर्मनीत. हॅम्बुर्गला उपांत्य सामन्यात व्हान बास्टेनने 88व्या मिनिटाला गोल करून जर्मनांना घरी बसवलं. अख्खा देश रस्त्यावर आला, अ‍ॅमस्टरडॅममध्ये लोकांनी सायकली हवेत उडवल्या. मग म्युनिकच्या त्याच मैदानावर सोव्हिएत संघाला 2-0 हरवून कप घेतला. देशाच्या पुरुष संघाने जिंकलेली ही एकमेव मोठी स्पर्धा. यावर काका किती बोलतात? 'हो, तेही छान होतं.' संपलं. हरलेल्या सामन्यावर या देशात पुस्तकं निघतात, माहितीपट निघतात, होल्झेनबाइनच्या पायाचा कोन मोजला जातो. मला हे अपरिचित नाही. आपणही पानिपतावर जेवढी शाई खर्च केली तेवढी राक्षसभुवनावर केलेली नाही, आणि राक्षसभुवन आपण जिंकलो होतो. एका गुरुवारी मी काकांना पानिपत सांगून पाहिलं. भाऊसाहेब, विश्वासराव, यमुनेचा पूर, उपासमार, संक्रांतीचा दिवस, सगळं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पंच कुठला होता?'

यंदा काकांना शकुन दिसू लागलेत. नेदरलँड्सचा पहिला सामना येत्या रविवारी पोलंडशी, आणि तो हॅम्बुर्गला, 1988 च्याच जागी. मैदान नव्याने बांधलंय, पण जागा तीच. संघाचा प्रशिक्षक रोनाल्ड कूमन. हा कूमन 1988 च्या त्या सामन्यात खेळला होता, बरोबरीची पेनल्टीही त्यानेच मारली होती. सामना संपल्यावर जर्मन खेळाडूशी अदलाबदल केलेला शर्ट हातात घेऊन त्याने प्रेक्षकांसमोर जो अभिनय केला, तो सभ्य नियतकालिकात वर्णन करण्यासारखा नाही. काका तो डब्याच्या मदतीशिवायही करून दाखवतात.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक जर्मन बसतो. रोज सीमा ओलांडून येतो, वेळेवर येतो, वेळेवर जातो. त्याला चिडवणं हा आमच्या विभागाचा जूनमधला मुख्य उद्योग. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने डचांच्या सायकली जप्त केल्या होत्या, म्हणून डच माणूस जर्मन माणसाला आजतागायत म्हणतो, 'आमच्या आजोबांची सायकल परत द्या.' हा विनोद आमच्या विभागात रोज होतो. ज्याच्याकडे सायकल मागतात त्याचा जन्म बर्लिनची भिंत पडल्यानंतरचा. गेल्या आठवड्यात त्याने काय केलं, एक जुनी सायकल गाडीच्या टपावर बांधून आणली, ऑफिसच्या आवारात उभी केली आणि हँडलला चिठ्ठी लावली, 'हिशोब चुकता.' सगळे खूप हसले. जर्मनही हसला. सायकल अजून तिथेच उभी आहे. ती जागा माझ्या गाडीची.

पण खरा घाव त्याने परवा घातला, आणि तोही नकळत. कोणीतरी त्याला विचारलं, 'जर्मनीचं सगळ्यात जुनं वैर आमच्याशीच ना?' त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, 'वैर? ते इटलीशी असावं. तुमच्याशी काही विशेष नाही.' विभागात शांतता पसरली. पन्नास वर्षं ज्याचा द्वेष जिवापाड जपला, त्याला आपली आठवण फुरसतीत येते, हे ऐकून घेणं सोपं नाही. एकाने दबक्या आवाजात आठवण करून दिली की डच संघ एखाद्या स्पर्धेला पात्र ठरला नाही की हेच जर्मन 'हॉलंडला न घेता निघालो' अशा अर्थाचं गाणं म्हणतात. काही विशेष नसतं तर गाणं कशाला रचलं असतं? हा युक्तिवाद मला पटला. दिलासा द्यायला म्हणून मी तसं सांगितलंही. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पात्र न ठरण्याचा विषय मीच काढला होता.

जर्मनही आतून धास्तावलेलाच आहे. 2018 आणि 2022 असे सलग दोन वर्ल्ड कप त्याचा संघ पहिल्याच फेरीत घरी आला. मार्चमध्ये फ्रान्सला आणि पाठोपाठ फ्रँकफुर्टला डचांना 2-1 हरवल्यापासून त्याची मान जरा वर आहे. त्यांच्या नव्या गुलाबी-जांभळ्या जर्सीवरून देशात वाद झाला, आणि मग तीच धडाधड खपली. याला विचारलं की आशा आहे का, तर म्हणतो, 'माझी तक्रार तुमच्या कॅरॅव्हॅनबद्दल आहे. पिवळ्या नंबरप्लेटच्या, आमच्या महामार्गावर मधल्या लेनमध्ये, ताशी 80 ने. आता महिनाभर येत राहतील.' 'तुमच्या' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कॅरॅव्हॅन नाही. सायकलसुद्धा त्याचीच आहे.

ऑफिसात या काळात 'पूल' काढतात. प्रत्येकाने पाच युरो भरायचे, पहिल्या फेरीतल्या 36 सामन्यांचे निकाल आणि विजेता आधीच लिहून द्यायचा. ही एक्सेल फाइल कोणीतरी निःपक्षपाती माणसाने सांभाळायची असते. म्हणजे मी. गोपनीयता पाळायची म्हणून नावं सांगत नाही, पण एक निरीक्षण नोंदवतो. या देशात तुम्ही कोणालाही विचारा, यंदा काय? उत्तर ठरलेलं: 'काही खरं नाही.' मग दाखले सुरू होतात. 2000 साली घरच्या मैदानावर, दहाच खेळाडू उरलेल्या इटलीविरुद्ध एकाच सामन्यात पाच पेनल्टी वाया घालवल्या. दोन खेळात आणि तीन शूटआउटमध्ये. 2012 ला तिन्ही सामने हरले. 2016 ला स्पर्धा वाढवून 24 संघ घेतले तरी त्यात यांना जागा मिळाली नाही, आइसलँडला मिळाली. 2021 ला चेक संघाने बुडापेस्टला घरी पाठवलं. हे सगळं एखाद्या आजाऱ्याने रिपोर्ट वाचून दाखवावेत तशा समाधानाने सांगतात. आणि फाइलमध्ये विजेत्याच्या रकान्यात? वरपासून खालपर्यंत नेदरलँड्स. एक जर्मनी आहे, तो कोणाचा ते उघड आहे. एक बेल्जियम आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या त्या सद्गृहस्थाने भरल्यावर लगेच विचारलं की बदलता येईल का. तोंडी निराशा आणि लेखी आशा यांचा ताळेबंद जुळवायचं काम माझ्याकडे आहे. बर्लिनमध्ये 14 जुलैला, अंतिम सामन्याच्या रात्री, आमच्या विभागातल्या चौघांनी हॉटेलच्या खोल्या धरून ठेवल्यात. फुकट रद्द करता येतात, एवढा सावधपणा मात्र ठेवलाय.

आता माझं दुःख. याच महिन्यात, याच दिवसांत, नेदरलँड्स एक वर्ल्ड कप खेळतंय. खरोखरचा. नारिंगी कपडे घालून. अमेरिका आणि वेस्ट इंडीजमध्ये टी-ट्वेंटी क्रिकेटचा. 4 जूनला डॅलसमध्ये त्यांनी नेपाळला हरवलं. 8 जूनला न्यूयॉर्कमध्ये दक्षिण आफ्रिकेची 4 बाद 12 अशी गत केली. मिलर उभा राहिला नसता तर तोही सामना खिशात होता. उद्या बांगलादेशशी आहे. ही बातमी मी गल्लीच्या ग्रुपवर टाकली. वीस मिनिटांनी एकाने विचारलं, 'कुठला नेपाळ?' मी ऑफिसात सांगितलं की तुमचा देश 2022 ला अ‍ॅडलेडमध्ये आणि 2023 ला धरमशालेत दक्षिण आफ्रिकेला हरवून आलाय, गेल्या नोव्हेंबरमध्ये तुमचे लोक आमच्या पुण्याजवळ गहुंजेला इंग्लंडशी खेळून गेले. 'आमचे?' ते म्हणाले. 'कोण आमचे?' मी नावं सांगितली: विक्रमजीत सिंग, आर्यन दत्त, तेजा निदमनुरू. 'म्हणजे तुमचेच,' ते म्हणाले आणि पूलच्या फाइलचं काय झालं ते विचारलं.

6 जूनची संध्याकाळ तर मी विसरणार नाही. त्या दिवशी कोलकात्याला सुनील छेत्री शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला, कुवेतशी 0-0. फुटबॉलचीच बातमी होती. कोणाला सांगायला गेलो नाही. संध्याकाळी अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. सुपर ओव्हर टाकायला कोण, तर मुंबईचा सौरभ नेत्रवलकर, आमच्याच धंद्यातला सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी सांभाळून पाकिस्तानला हरवलं त्याने. मी खुर्चीवर उभा राहिलो. त्याच वेळी रॉटरडॅमला नेदरलँड्स आणि कॅनडाचा सराव सामना सुरू होता आणि अख्खी गल्ली टीव्हीला चिकटलेली. काकांनी भिंतीवर ठोकून विचारलं, 'गोल झाला का?' मी म्हटलं, 'नाही, विकेट.' पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

त्या सामन्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली. आमच्या टीव्हीचं प्रक्षेपण इंटरनेटवरून येतं, काकांचं केबलवरून. काकांचं माझ्या अर्धा मिनिट पुढे असतं. उत्तरार्धात कॅनडावर चार गोल झाले. चारही मी आधी भिंतीतून ऐकले आणि मग पाहिले. आमच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर असतो आणि गल्ली नाचून खाली बसलेली असते. मी कंपनीला फोन केला. तिथल्या मुलाने सल्ला दिला की खिडक्या बंद ठेवा. बाथरूमची आपोआपच बंद आहे.

आलो बाथरूमवर. टाइल्स लावायला एक पोलिश गृहस्थ येतात. कामाला नेटके, बोलायला कमी. 16 तारखेला पोलंड विरुद्ध नेदरलँड्स आहे हे कळल्यापासून माझी त्यांना एकच विनंती होती, तेवढं 16 च्या आत आटपा. ते म्हणाले, आटपतो. पोलंड यंदा रडतखडत आलंय. मार्चमध्ये कार्डिफला वेल्सशी 0-0, मग पेनल्टी शूटआउटवर शेवटचं तिकीट. तेव्हापासून ते खुशीत होते, टाइल्सच्या रेघाही सरळ येत होत्या. अधूनमधून काका जिन्यावर येऊन त्यांच्याकडे बघून मान हलवत. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण बोटांवर 2-0, 3-1 असं दाखवण्यात दोघांचा बराच वेळ जाई. तासाचा दर मात्र सामन्याच्या चर्चेलाही तोच लागतो, हे बिलावरून दिसलं.

परवा सोमवारी, 10 जूनला, वॉर्सात पोलंड आणि तुर्की यांचा सराव सामना झाला. मी केस कापतो तो न्हावी तुर्की. त्याच्या आरशाच्या एका कोपऱ्यात तुर्कीचा झेंडा, दुसऱ्यात नेदरलँड्सचा. दोन्ही संघ स्पर्धेत असल्याने एरवीपेक्षा दुप्पट बोलतो आणि निम्मं कापतो. पोलंडने तुर्कीला 2-1 हरवलं. त्यामुळे न्हावी उदास. पण पोलंडच्या लेवांडोव्हस्कीच्या मांडीला इजा झाली. गोल करणारा श्विडर्स्की गोलचा आनंद साजरा करताना उडी मारून चुकीचा पडला आणि घोट्याला लागून बाहेर गेला. काल जाहीर झालं, लेवांडोव्हस्की रविवारी खेळणार नाही. त्यामुळे टाइलवाले उदास. जिंकलेला आणि हरलेला, दोन्ही उदास, आणि दोघांचंही माझ्याकडचं काम अर्धवट. काल टाइलवाले आले, पांढऱ्या टाइल्सच्या पेटीवर बसले, चहा घेतला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, 'आता सोमवारी.' म्हणजे 17 ला. बेसिनच्या वरची अर्धी भिंत सिमेंटची आहे. डोक्याच्या डाव्या बाजूचे केसही जरा मोठेच राहिलेत.

10 जूनच्या त्याच सोमवारी रात्री डचांनी आइसलँडला 4-0 हरवलं. गल्लीने जल्लोष केला, मी तो अर्धा मिनिट उशिरा समजून घेतला. आणि मग बातमी आली: फ्रेंकी दे योंग, संघाचा मधल्या फळीतला प्राण, घोट्याच्या जुन्या दुखापतीमुळे स्पर्धेतून बाहेर. काकांनी घराबाहेर येऊन रस्त्यावर उभं राहून हात कमरेवर ठेवले. कूमन बार्सिलोनाला दोष देत होता, काका कूमनला. मी मात्र आत जाऊन कपाटातलं पाकीट बघत होतो. माझ्या मुलाने महिनाभर हट्ट करून घेतलेली नवी जर्सी त्यात होती. मागे मोठ्या अक्षरांत नाव, 'दे योंग', आणि आकडा 21. छपाईसकट जवळपास शंभर युरो. मुलाने ती घडीसुद्धा मोडली नव्हती. पहिल्या सामन्याला घालायची म्हणून जपून ठेवली होती. आता म्हणतो, जो खेळणारच नाही त्याचं नाव घालून गल्लीत कसा जाऊ? त्याला झाव्ही सिमन्सची हवी आहे.

मी दुकानात गेलो. त्यांनी नम्रपणे सांगितलं की नाव छापलेली जर्सी परत घेत नाहीत. मी म्हटलं, मग नाव काढून द्या. निघत नाही. मी म्हटलं, घोट्याचं माहीत होतं तर छापून कशी दिली? दुकानदार म्हणाला, 'आम्हालाही आशा होती.' ऑफिसच्या फाइलमध्ये असतं तेच कारण, आणि त्यावर पैसे परत मिळत नाहीत.

दुसरी जर्सी मी घेणार नाही. फेटा आहे, तो घाल म्हटलं. मुलगा तयार आहे, पण त्याचे मित्र आता माझ्या दारात फेट्यांची मागणी घेऊन उभे आहेत आणि फेटे सांगलीहून रविवारपर्यंत पोचत नाहीत.

तर, नेदरलँड्समध्ये किंवा आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांना विनंती. डच संघाची मुलांची जर्सी विकायची आहे. वय 9 ते 10, पाठीवर दे योंग 21, एकदाही न घातलेली, बिल आहे. किंमत बोलून ठरवू. सोबत आंघोळीची सोय असेल तर आणखी कमी करू. रविवारी दुपारी तीन ते पाच फोन करू नये, ऐकू येणार नाही.